पाच चांदण्या आणि एक लिफ्ट

वाचकहो, दिवाळी अंकात फराळासारखे काहीतरी खुसखुशीत वाढावे, असा संपादकांचा दरवर्षी आग्रह असतो. यंदा मात्र मी तुमच्यापुढे ठेवणार आहे ती आमच्या सोसायटीची कुरकुर. कुरकुर आणि कुरकुरीत यांत फारसे अंतर नाही, एवढे समाधान मानून घ्यावे.

आमची इमारत ठाण्यातली, चाळीस वर्षांपूर्वीची. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याला सहा, अशी चोवीस बिऱ्हाडे. लिफ्ट नाही. बांधली तेव्हा सगळे तरुण होते आणि जिना हा चढण्यासाठीच असतो अशी सर्वांची समजूत होती. आता समजूत तीच आहे, गुडघे मात्र ते राहिलेले नाहीत.

गेल्या श्रावणात सेक्रेटरींनी जाहीर केले की, सिंकिंग फंडात एक मोठे काम होईल इतके पैसे साठले आहेत. एकच हं, दोन नव्हेत! कामे तीन सुचली. पहिले गच्चीचे वॉटरप्रूफिंग. तिसऱ्या मजल्याच्या छतातून पावसाळाभर पाणी ठिबकते. दुसरे गच्चीवर सोलर. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचे लाइटबिल त्यातून वाचेल, म्हणजे मेंटेनन्स कमी होईल. तिसरे काम जिन्याच्या बाजूला बाहेरून लोखंडी सांगाडा उभारून लिफ्ट बसवण्याचे.

पूर्वीच्या काळी अशा वेळी सभा भरली असती. चहा झाला असता, दोघे रुसले असते, एकजण सभात्याग करून पुन्हा बिस्किटासाठी परत आला असता आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे काम मंजूर झाले असते. पण आता काळ सुधारला आहे. सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोल’ टाकला. २०२२ सालापासून ही सोय तिथे आली आहे; प्रश्न लिहावा, खाली पर्याय लिहावेत आणि लोकांनी बोट लावावे. दोन दिवसांत एकवीस बोटे लागली. सोलर ९, गच्ची ७, लिफ्ट ५.

“सोलर पास!” असे सेक्रेटरींनी लिहिले आणि खाली टाळ्यांचे चित्र टाकले.

तिसऱ्या मजल्यावरून टाळ्या आल्या नाहीत. तिथले एक गृहस्थ बादली हातात घेऊनच खाली उतरले. म्हणाले, “अहो, नऊ लोकांनी सोलर म्हटले, पण बारा लोकांनी म्हटले नाही, त्याचे काय?”

प्रश्न बिनतोड होता. सोलरवाले नऊजण बहुतेक तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे. त्यांच्या डोक्यावर गच्ची गळत नाही आणि त्यांना जिनाही फारसा चढावा लागत नाही. मग उरते ते लाइटबिल. उरलेल्या बाराजणांना सोलर सगळ्यांत शेवटी हवे होते. म्हणजे बहुसंख्यांना जे सर्वांत कमी आवडते तेच निवडून आले होते! मी पहिल्या मजल्यावर राहतो. नऊ बोटांतले एक माझे होते, हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे आणखीही कबुली द्यायची आहे.

आमचा भाचा सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. त्याच्या कानावर हे गेले तेव्हा तो हसला. “मामा, तुमच्या पोलने फक्त एवढेच विचारले की पहिला कोण. दुसरा आणि तिसरा कोण, ते विचारलेच नाही. नुसत्या पहिल्या नंबरावर निकाल लावला, की मते फुटतात आणि असेच होते.”

त्याला वाटले, मामाला हे नवीन असेल. पण १९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मला शाळकरी वयातली असली तरी आठवते, कारण आमच्या घरात तेव्हा रेडिओभोवती मोठी गर्दी होती. त्या निवडणुकीत मतदाराने पसंतीक्रम लिहायचा असतो. पहिल्या पसंतीच्या मतमूल्यात व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मिळाली. निवडून यायला ४,१८,१६९ लागत होती. म्हणजे कोणीच आले नव्हते! मग देशमुखांसह मागचे उमेदवार बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. रेड्डींना त्यातला फार मोठा वाटा मिळाला आणि ते ४,०५,४२७ पर्यंत पोचले. गिरी ४,२०,०७७ वर जाऊन थोडक्यात जिंकले. राष्ट्रपतिपदासाठी दुसरी पसंती मोजण्याची वेळ आजवर तेवढी एकदाच आली. तात्पर्य, देशाचा राष्ट्रपती निवडताना आपण जी काळजी घेतो, ती सोसायटीचे सोलर निवडताना घेतली नाही.

भाच्याने मग एक अ‍ॅप सुचवले. त्यात प्रत्येक पर्यायाला एक ते पाच चांदण्या द्यायच्या, सरासरी यंत्र काढते. हॉटेलला देतात, सिनेमाला देतात, औषध आणून देणाऱ्या पोऱ्यालाही देतात, तशाच चांदण्या. शनिवारी रात्रीपर्यंत एकवीसही घरांनी चांदण्या दिल्या. गच्ची ८२, लिफ्ट ७१, सोलर ६९. सरासरीने गच्ची ३.९०, लिफ्ट ३.३८, सोलर ३.२९. चित्रच पालटले! सोलर पहिल्यावरून शेवटी गेले. कारण सरळ होते. आम्ही नऊजणांनी सोलरला पाच दिल्या तरी गच्चीलाही प्रामाणिकपणे तीन आणि लिफ्टला दोन दिल्या होत्या. उरलेल्या बाराजणांनी सोलरला दोनच दिल्या होत्या, पण गच्चीला पाच किंवा चार.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण अ‍ॅपमध्ये दोन सोयी होत्या. चालू निकाल सगळ्यांना दिसत होता आणि रविवारी दुपारपर्यंत आपल्या चांदण्या बदलता येत होत्या. या दोन सोयी एकत्र आल्या, की माणसाच्या मनात काय येते ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

रविवारी सकाळी खाली पेपर घ्यायला आम्ही चार-पाचजण जमलो. कुणीतरी सहज म्हणाले, “आपण गच्चीला उगीच तीन दिल्या. एक दिली असती तर?” बस्स, एवढेच. कुणी कट केला नाही की शपथ घेतली नाही. दुपारपर्यंत नऊही घरांतून गच्चीला एक चांदणी आणि लिफ्टला एक चांदणी अशी दुरुस्ती झाली. निकाल लागला: सोलर ६९, गच्ची ६४, लिफ्ट ६२.

सोलरची एकही चांदणी वाढली नव्हती. आम्ही फक्त दुसऱ्यांच्या विझवल्या होत्या.

मी हे चारचौघांत सांगतो आहे, त्यामागे कारण आहे. आपण कधी लबाडी करू असे मला वाटत नव्हते आणि चांदणीवर बोट ठेवतानाही वाटले नाही. खोटी सही करताना हात थरथरतो. खोटी चांदणी देताना थरथरत नाही, हाच काय तो सुधारणेचा फायदा!

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो चिडला नाही, ही त्याची सज्जनता. तो म्हणाला, “मामा, दोष एकट्या तुमचा नाही. तीन किंवा अधिक पर्याय असले, तर खोट्या पसंतीने कधीच फायदा होणार नाही अशी पसंतीक्रमाची पद्धत बनवताच येत नाही. अर्थात, सगळा निर्णय एकाच माणसाच्या हाती दिला तर गोष्ट वेगळी. गिबर्ड नावाच्या तत्त्वज्ञाने १९७३ साली आणि सॅटर्थवेट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली हे सिद्ध केले आहे. चांदण्यांचीही तीच तऱ्हा. पण चालू निकाल दाखवला नसता, तर तुम्हाला मोह तरी कमी झाला असता.”

इंग्लंडमध्ये गाल्टन नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. प्लिमथच्या जत्रेत एका बैलाच्या मांसाचे वजन किती भरेल, यावर लोकांनी पैसे भरून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. गाल्टनने त्यांतल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या आणि १९०७ साली निष्कर्ष छापला. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधली निघाली १,२०७ पौंडांची. खरे वजन भरले १,१९८ पौंड. शहाण्यासुरत्यांनाही इतके जवळ जाता येणार नाही! पण त्यातली मेख अशी, की प्रत्येकाने आपली चिठ्ठी दुसऱ्याची न बघता टाकली होती. आणि दुसरी मेख अशी, की बैलाला वजन असते. लिफ्ट बरी की गच्ची बरी, याचे उत्तर कुठल्याच काट्यावर आधीपासून लिहिलेले नसते.

पुढच्या शनिवारी भाचा लॅपटॉप घेऊन स्वतःच घरी आला. हिने थालीपीठ केले होते, त्यामुळे तो नीट बसला. म्हणाला, “आपण जोड्या लावू. एका वेळी दोनच गोष्टी समोर ठेवायच्या. गच्ची की सोलर? गच्ची की लिफ्ट? लिफ्ट की सोलर? उत्तरे गुप्त आणि निकाल शेवटी एकदम.”

माणसाला तीन गोष्टी एकदम तोलता येत नाहीत. तराजूला पारडी दोनच. बाजारात दोन आंबे दोन हातांत घेऊन आपण हा बरा की तो बरा ते सांगतो, तसाच हा प्रकार. एकवीस घरांनी उत्तरे दिली. गच्ची विरुद्ध सोलर: १२ विरुद्ध ९, गच्ची जिंकली. गच्ची विरुद्ध लिफ्ट: १६ विरुद्ध ५, पुन्हा गच्ची. लिफ्ट विरुद्ध सोलर: १२ विरुद्ध ९, लिफ्ट. गच्चीने दोन्ही कुस्त्या मारल्या आणि आमचे सोलर दोन्हीत चीत झाले. पहिल्या पोलात तेच सोलर फेटा बांधून मिरवत होते!

ही पद्धत फ्रान्समधल्या कोंदोर्से या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १७८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याला पकडले आणि १७९४ साली तो तुरुंगात मेला. बहुमताचे गणित मांडणाऱ्याला बहुमताचा असा अनुभव आला. आज संगणकाच्या जगात डेबियन नावाचा मोठा प्रकल्प आहे. जगभरचे स्वयंसेवक मिळून तो चालवतात. त्यांची मतदाने २००३ सालापासून याच जातीच्या पद्धतीने होतात.

“म्हणजे हेच खरे औषध!” मी म्हणालो.

“थांबा मामा,” भाचा म्हणाला. “ताटात काय काय आहे?”

हिने त्या दिवशी पहिला घाणा करून पाहिला होता, म्हणून ताटात लाडू, चकली आणि करंजी होती. भाच्याने तीन माणसे कल्पिली. एकाला आवडतात लाडू, मग चकली, मग करंजी. दुसऱ्याला चकली, मग करंजी, मग लाडू. तिसऱ्याला करंजी, मग लाडू, मग चकली. आता जोड्या लावा. लाडू विरुद्ध चकली: दोघे लाडवाकडे. चकली विरुद्ध करंजी: दोघे चकलीकडे. म्हणजे लाडू करंजीला सहज हरवणार, असे आपण समजतो. पण मोजून बघा: करंजी विरुद्ध लाडू, दोघे करंजीकडे! तिघेही शहाणे, प्रत्येकाची आवड सरळ. पण तिघांची मिळून आवड म्हणजे स्वतःचीच शेपटी धरायला धावणारे कुत्रे. हेही कोंदोर्सेने १७८५ मध्येच दाखवले होते.

१९५१ साली अमेरिकेतल्या केनेथ अ‍ॅरो यांनी यापुढची पायरी गाठली. तीन किंवा अधिक पर्याय असताना, प्रत्येकाचा पसंतीक्रम घेऊन त्यांतून सर्वांचा एक क्रम लावणारी आणि साध्या न्यायाच्या चार अटी एकदम पाळणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. अटी काही जगावेगळ्या नाहीत. कुणा एकाची हुकूमशाही नसावी. लोकांची आवड कशीही असली तरी उत्तर निघावे. सर्वांना एखादी गोष्ट दुसरीपेक्षा बरी वाटत असेल तर निकालातही ती वर असावी. आणि दोन गोष्टींतला निर्णय तिसरीच्या असण्या-नसण्यावर अवलंबून नसावा. १९७२ साली अ‍ॅरो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या अमर्त्य सेन यांनी याच विषयावर १९७० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. १९९८ साली त्यांनाही नोबेल मिळाले. म्हणजे आमच्या सोसायटीच्या भांडणावर दोन नोबेल पारितोषिके पडली आहेत आणि आम्हाला अजून पार्किंगचाही निर्णय लावता येत नाही.

आता कंपन्यांत आणि सरकारी खात्यांत जी भारी सॉफ्टवेअरे वापरतात, त्यांतले एक घराणे सांगितलेच पाहिजे. ते घराणे थॉमस साटी या गणितज्ञाचे. १९७० च्या दशकात त्यांनी ही रीत बसवली आणि १९८० साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिच्यात आधी कसोट्या ठरवायच्या: सुरक्षितता, सोय, खर्च. मग कसोट्यांच्याच जोड्या लावायच्या: सुरक्षितता ही सोयीपेक्षा किती महत्त्वाची? उत्तर एक ते नऊ या आकड्यांत. एक म्हणजे दोन्ही सारख्या, तीन म्हणजे थोडी अधिक, पाच म्हणजे बरीच, नऊ म्हणजे बोलायलाच नको. मग प्रत्येक कसोटीवर लिफ्ट, गच्ची आणि सोलर यांच्या जोड्या. यातून यंत्र प्रत्येकाचे वजन काढते. अनेक माणसे असतील तर त्यांचे आकडे बेरजेच्या सरासरीने एकत्र करत नाहीत. गुणाकार करून त्याचे मूळ काढतात, म्हणजे एकाने ‘तिप्पट’ आणि दुसऱ्याने ‘एक तृतीयांश’ म्हटले तर दोघांचे मिळून बरोबर ‘सारखे’ होते.

या रीतीत मला सर्वांत आवडली ती तिची मास्तरकी. समजा, तुम्ही म्हणालात की गच्ची लिफ्टच्या दुप्पट महत्त्वाची आणि लिफ्ट सोलरच्या तिप्पट. मग गच्ची सोलरच्या सहापट हवी. तिथे तुम्ही ‘दोघे सारखे’ असे लिहिलेत, तर यंत्र कान धरते. विसंगतीचे एक माप काढून ते ०.१० च्या वर गेले, की म्हणते, पुन्हा विचार करून या. आमच्या सभेत अशी घंटा असती तर ती सबंध वेळ वाजत राहिली असती!

पण तिचेही दुखणे आहे. पर्याय तीन असले तर जोड्या तीनच. पण दहा झाले तर पंचेचाळीस, आणि त्याही प्रत्येक कसोटीवर निराळ्या. माणूस विसाव्या जोडीला कंटाळून वाटेल ते बोट लावतो. शिवाय यादीत आधीच्या एखाद्या पर्यायासारखाच आणखी एक घातला, तर जुन्यांचा आपसातला क्रमही पालटू शकतो, असे टीकाकारांनी १९८३ मध्येच दाखवून दिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कसोट्या कोण ठरवणार? भाच्याने आमच्याच उदाहरणात ‘सोय’ या कसोटीचे वजन वाढवले, की लिफ्ट वर आली. ‘खर्च’ वाढवला, की सोलर वर आले. यंत्र दर वेळी तितक्याच गंभीर चेहऱ्याने उत्तर देत होते.

शेवटी भाचा म्हणाला, “एवढ्या उलाढाली नको असतील, तर एक सोपा उपाय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या त्याच पोलात एकापेक्षा जास्त उत्तरे चालतील अशी खूण ठेवा आणि फक्त विचारा, काय काय चालेल?”

चालेल! आपल्या मराठी माणसाचा हा केवढा मोठा शब्द! मुलगी पाहून आल्यावर ‘चालेल’, भाजीत मीठ कमी असले तरी ‘चालेल’. परदेशात याचे शास्त्र आहे. ब्राम्स आणि फिशबर्न या दोघांनी १९७८ साली ते व्यवस्थित मांडले. पटणाऱ्या सगळ्या पर्यायांवर खूण करायची आणि जास्तीत जास्त लोकांना चालणारा निवडायचा. इथेही मनातले लपवता येतेच. पण रविवारच्या प्रकारानंतर आम्ही नऊजण जरा वरमलो होतो. उत्तर आले: सोलर ९, लिफ्ट १२, गच्ची २१. एकवीसपैकी एकवीस! जे पहिल्या पोलात दुसरे आले होते, ते चालत मात्र सगळ्यांनाच होते. हे एवढे कळायला आम्हाला दोन आठवडे आणि एक भाचा लागला.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती दिवाळी अंकात आणली नसती.

सभेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी सह्या गोळा करायला आले होते. यादी माझ्या हातात होती. मी सहज म्हटले, “चोवीसपैकी एकवीस. राहिले कोण?”

“दोन जागांना कुलूप आहे. आणि एक माई.”

माई तिसऱ्या मजल्यावर एकट्या असतात. वय चौऱ्याऐंशी. होळीपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. मध्ये एकदा दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणले. त्या चौघांत मीही होतो. त्यांचा फोन बटणांचा. तीन मतदाने झाली, चांदण्या उजळल्या आणि विझल्या. पण माईंना कोणी विचारलेच नव्हते. एकवीस जणांचा निकाल आम्ही ‘सर्वांचा’ म्हणून मिरवत होतो. यंत्राने काही लपवले नव्हते. वर ‘२१ मते’ असे स्पष्ट लिहिले होते. चोवीसमधून एकवीस वजा करण्याचे काम यंत्राचे नव्हते, आमचे होते.

मी कागद घेऊन वर गेलो. चौपन्न पायऱ्या. माईंनी चष्मा लावून तिन्ही कामे वाचली आणि म्हणाल्या, “लिफ्ट पहिली. मग गच्ची. सोलर मला काय करायचे?” छताकडे बोट दाखवले, तिथे ओल होती, खाली पातेले होते. मग कागद परत देताना विचारले, “तुम्ही लिफ्टला किती दिलेत? ते चांदण्यांचे काहीतरी होते म्हणे.”

खोटे बोलता आले असते. पण जिना चढून दम लागलेला माणूस खोटे बोलायला फार सोयीचा नसतो.

“एक दिली, माई.”

त्या हसल्या. “शून्य देता येत नव्हते वाटते?”

खरेच येत नव्हते. अ‍ॅपमध्ये एकपासूनच सुरुवात होती.

त्यांच्या मताने निकाल पालटला नाही. गच्ची विरुद्ध लिफ्ट १६ विरुद्ध ६ झाले, एवढेच. पण सभेचा रंग बदलला. सोसायटीचा ठराव अ‍ॅपवर होत नाही, सर्वसाधारण सभेतच व्हावा लागतो. तिथे एका सभासदाला एक मत. तेव्हा सभा भरली, चहा झाला, एकोणीस जण आले. गच्चीचे काम एकमताने मंजूर झाले. मग मी उठून म्हणालो, “आपण इतके दिवस विचारले की तीनपैकी कोणते. पण पुढचे कोणते आणि त्याचा पैसा कुठून, हे विचारलेच नाही. यादी करणाऱ्याने प्रश्न जसा घातला, तसाच आपण सोडवत बसलो.” पुढच्या वर्षापासून लिफ्टसाठी दरमहा वेगळी वर्गणी काढावी आणि पालिकेच्या परवानगीसाठी अर्ज आताच करावा, असा दुसरा ठराव मी मांडला. मतदान हात वर करून, सर्वांदेखत. तेरा विरुद्ध सहा. विरोध करणारे सहाही माझ्याच नवांतले. त्यांच्याशी अजून माझे बोलणे जेमतेम आहे. तळमजल्याच्या माणसाने लिफ्टची वर्गणी का द्यावी, हा त्यांचा प्रश्न काही मूर्खपणाचा नाही. त्याला कोणत्याही सॉफ्टवेअरकडे उत्तर नाही. माझ्याकडेही एवढेच आहे, की त्यांच्याही गुडघ्यांना वय आहे आणि त्यांचेही कोणी वर राहते.

तुमच्याही सोसायटीत, मंडळात किंवा कचेरीत असे यंत्र येईल, आलेही असेल. ते जरूर वापरा. भांडण कमी होते आणि हळू आवाजाच्या माणसालाही मोठ्या आवाजाइतकेच वजन मिळते, हा फायदा लहान नाही. फक्त चार गोष्टी सांभाळा. पर्यायांची यादी एकट्याने करू नका. यादी करणारा अर्धा निकाल लावून मोकळा झालेला असतो. मोजणीची पद्धत निकाल पाहून नव्हे, आधी ठरवा; त्याच एकवीस माणसांनी एका पद्धतीने सोलर दिले आणि दुसरीने गच्ची, हे तुम्ही पाहिलेच. मतदान संपेपर्यंत आकडे झाकून ठेवा. आणि निकाल वाचण्याआधी, विचारायचे कोण राहिले ते मोजा. राहिले असेल त्याच्या मजल्यापर्यंत चढून जा.

गच्चीचे काम पाऊस थांबताच सुरू झाले आणि परवाच संपले. लिफ्टचा अर्ज पालिकेत आहे. तो मंजूर होईल का आणि वर्गणी कधी पुरी होईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. माई पंच्याऐंशीत पदार्पण करतील. हा हिशेब मी कुठल्याच तक्त्यात घालू शकलेलो नाही.

आज सकाळी हिने फराळाचे ताट भरून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “अहो, वर देऊन या.” चौपन्न पायऱ्या पुन्हा मोजल्या. माईंनी चकली मोडली, खाल्ली आणि क्षणभर विचार करून म्हणाल्या, “चालेल.”

दिवाळी सर्वांना सुखाची जावो.